औषधाच्या पट्टीवरचं इंग्रजी

"मेडिकलमधून जुलाबाची गोळी घेऊन ये." मराठी म्हणून या वाक्यात काहीच चूक नाही. पण दुकानदाराने द्यायची कुठली? जुलाब थांबायची, की जुलाब व्हायची? आपल्या भाषेत पोट बिघडून होतात ते जुलाब, आणि पोट साफ व्हावं म्हणून जो घेतात तोही जुलाबच. पूर्वी घरोघरी मुलांना एरंडेलाचा जुलाब द्यायचे, तो हा दुसरा. इंग्रजीत या दोन्हींना वेगळी नावं आहेत. पोट साफ करणारं ते लॅक्सेटिव्ह, आणि जुलाब आवरणारं ते अँटीडायरियल. एकाच्या जागी दुसरी गोळी गेली, तर आधीच पाणी कमी झालेल्या शरीरातून आणखी पाणी जाणार. लहान मुलांना तर जुलाब आवरणारी गोळीही द्यायची नसते. त्यांना लागतं ओआरएस आणि झिंक.

तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंगच्या मासिकात हे डॉक्टरी प्रकरण कशाला? तर मित्रांनो, आपल्यासारख्या कॉलेजांतली मुलं एनएसएसच्या शिबिरासाठी जव्हार-मोखाड्याला जातात. बंधारे घालतात, शाळेच्या भिंती रंगवतात, कुणी फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी पाण्याच्या योजनेची मोजमापं घेतात. पाड्यावर दोन दिवस राहिलात की एखादी आजी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन येते. त्यात कापलेल्या पट्ट्या, चिकट झालेली बाटली, पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब. "दादा, तुला इंग्रजी येतं ना? मग यातली तापाची कुठली तेवढं सांग." आजीच्या दृष्टीने हा प्रश्न सोपा आहे. ज्याला एवढी जाडी पुस्तकं वाचता येतात, त्याला चार बोटांची पट्टी वाचता येणारच! पण थर्मोडायनॅमिक्सच्या इंग्रजीचा तिथे फारसा उपयोग होत नाही.

जव्हार आणि मोखाडा हे तालुके आधी ठाणे जिल्ह्यात होते, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आले. वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी समाजांची. अनेक घरांत वारली, कोकणा, कातकरी अशी बोली, शाळेत प्रमाण मराठी, आणि औषधाच्या पट्टीवर इंग्रजी. म्हणजे एक शब्द दोन उड्या मारून आजीपर्यंत पोचणार. रस्त्यांचं म्हणाल तर जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय गाठायला पावसाळ्यात काही पाड्यांना अर्धा दिवस मोडावा लागतो. त्यामुळे औषध एकदा घरी आलं की पुढचं सगळं त्या पट्टीवर आणि घरातल्यांच्या आठवणीवर. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले आणि कुपोषणाचा प्रश्न राज्यभर गाजला, हे आपण ऐकलेलं असतं. त्या कुपोषणाचा औषधाच्या मात्रेशी फार जवळचा संबंध आहे, तो पुढे येईलच.

आधी सोपा भाग उरकू. टॅबलेट, कॅप्सूल, सिरप, ट्यूब हे शब्द आता मराठीच झालेत. अडतं ते त्यांच्यापुढच्या विशेषणांत. 'डिस्पर्सिबल' म्हणजे चमच्यात थोड्या पाण्यात विरघळवून द्यायची, लहान मुलांची झिंकची गोळी अशीच असते. 'च्युएबल' म्हणजे चघळून खायची. 'एसआर' किंवा 'एक्सआर' लिहिलं असेल तर ती हळूहळू, तासन् तास औषध सोडणारी गोळी. ती कुटून दिली तर दिवसभराचा साठा एकदम पोटात. हे आपल्या लोकांना पटकन कळायला हवं, धरणाची भिंत फोडून पाणी सोडण्यासारखंच आहे. 'सस्पेन्शन' म्हणजे न विरघळलेले कण तरंगत ठेवलेलं औषध. ते न हलवता दिलं तर पहिले चमचे पातळ आणि शेवटचे चमचे जहाल. म्हणूनच 'शेक वेल बिफोर यूज'. आणि 'ड्राय सिरप' म्हणजे बाटलीत नुसती पूड, तिच्यात उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं. एकदा पाणी घातलं की ते लेबलवर दिलेल्या दिवसांतच वापरायचं, बहुतेकदा आठवडाभर. उन्हाळ्यात मोखाड्यात टँकरची वाट बघणाऱ्या घरात 'उकळून गार केलेलं पाणी' हे चार शब्द किती महाग आहेत, ते ड्राय सिरपच्या लेबलवर लिहिलेलं नसतं.

'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली' ही ओळ मात्र जिथे दिसेल तिथे मोठ्याने वाचून दाखवा. खरजेचं लोशन अनेकदा खोकल्याच्या औषधासारख्याच बाटलीत येतं. त्यावर मराठीत 'फक्त अंगाला लावायचं, प्यायचं नाही' असं मार्करने लिहिलं तरी मोठं काम झालं.

आता 'पॉवर'. "ही पाचशे पॉवरची आहे का? मग साडेसहाशेची द्या, जास्त लागू पडंल." मेडिकलमध्ये हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आपल्याला पॉवर म्हटलं की वॅट आठवतो, पण पट्टीवर असतं वस्तुमान : मि.ग्रॅ. सर्दीची सेटिरिझिन १० मि.ग्रॅ.ची असते आणि अँटिबायोटिक अझिथ्रोमायसिन ५०० मि.ग्रॅ.ची, म्हणून दुसरी पन्नास पट जोरदार होत नाही. थायरॉइडची गोळी तर मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. आकड्यांची तुलना एकाच औषधाच्या दोन गोळ्यांत करायची, दोन वेगळ्या औषधांत नाही.

बाटलीवरचा आकडा पट्टीपेक्षा अवघड. तिथे वस्तुमान नसतं, कॉन्सन्ट्रेशन असतं. मुलांचं पॅरासिटामॉल घ्या. एका सिरपवर लिहिलेलं असतं १२५ मि.ग्रॅ. दर ५ मि.ली., दुसऱ्यावर २५० मि.ग्रॅ. दर ५ मि.ली., आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्सवर १०० मि.ग्रॅ. दर १ मि.ली. वरवर बघितलं तर शंभरचा आकडा सगळ्यात लहान. पण गणित करा. ड्रॉप्सचे ५ मि.ली. म्हणजे ५०० मि.ग्रॅ., म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी! ड्रॉप्स इतके घट्ट बनवतात ते बाळाला कमी थेंबांत काम व्हावं म्हणून. ते चमच्याने पाजले तर पहिल्या सिरपच्या चौपट औषध जातं. आणि चमचा तरी कुठला? लेबलवरचा टीस्पून ५ मि.ली.चा, टेबलस्पून १५ मि.ली.चा, आणि घरातला चमचा घरच्या मापाचा. म्हणून बाटलीबरोबर आलेलं झाकण किंवा ड्रॉपर फेकून द्यायचा नसतो, आणि एका बाटलीचा ड्रॉपर दुसरीला लावायचा नसतो.

इथेच कुपोषणाचा मुद्दा येतो. मुलांना पॅरासिटामॉल एका वेळी साधारणपणे वजनाच्या दर किलोला १० ते १५ मि.ग्रॅ. देतात. मूल ८ किलोचं असेल तर ८० ते १२० मि.ग्रॅ., म्हणजे पहिल्या सिरपचे जेमतेम ३ ते ५ मि.ली. वाढ नीट झालेलं दोन वर्षांचं मूल बारा किलोच्या आसपास असतं, कुपोषित मूल त्याच वयात आठच किलोचं असू शकतं. 'दोन वर्षांचं आहे, मग एवढं द्या' हा शेजारणीचा हिशोब एकाला बरोबर बसतो आणि दुसऱ्याला दीडपट होतो. तोच डोस दिवसातून बरेचदा गेला की त्रास यकृताला होतो. डोस ठरवणं आपलं काम नव्हेच, ते डॉक्टरांचं, नर्सताईंचं, आशाताईंचं. पण 'वजन केलंय का?' हा प्रश्न विचारायला कुठली डिग्री लागत नाही.

ओआरएसच्या पुडीचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातल्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ असे एकूण २०.५ ग्रॅम असतात, आणि ती एक लिटर पाण्यासाठी असते. बाजारात २०० मि.ली.च्या छोट्या पुड्याही मिळतात. मोठी पुडी ग्लासभर पाण्यात घातली तर मिठाचं प्रमाण पाचपट होतं आणि औषधानेच अपाय होतो. म्हणून पुडीवरचा पाण्याचा आकडा आधी वाचायचा. शिवाय दुकानात 'ओआरएस' नाव मिरवणारी गोड फळपेयंही विकली जात होती. ती ओआरएस नव्हेतच. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली.

आता खऱ्या शब्दांकडे येऊ. औषध काय करतं ते सांगणारे बरेच इंग्रजी शब्द 'अँटी'ने सुरू होतात, त्यामुळे पुढचं शेपूट ओळखलं की काम झालं. अँटीपायरेटिक म्हणजे ताप उतरवणारं. यातलं 'पायर' म्हणजे आग, आपल्या लॅबमधल्या पायरोमीटरमधलंच. अँटासिड म्हणजे दहावीतलं आम्ल-आम्लारी उदासिनीकरण, फक्त परीक्षानळीच्या जागी पोट. अँटीस्पास्मोडिक पोटातल्या मुरड्यासाठी. अँटिहिस्टामिन सर्दी, शिंका, अंगावरची खाज यांसाठी, आणि यातल्या काहींनी झोप येते, म्हणून घेतल्यावर गाडी चालवू नका असं लिहिलेलं असतं. अँटीटसिव्ह खोकला दाबतं, पण एक्स्पेक्टोरंट कफ सुटा करून बाहेर काढतं. दोघांनाही आपण 'खोकल्याचं औषध' म्हणून मोकळे होतो. अ‍ॅनाल्जेसिक म्हणजे दुखणं थांबवणारं. अँटिबायोटिक म्हणजे जंतू मारणारं किंवा त्यांची वाढ रोखणारं. हे जंतू म्हणजे बॅक्टेरिया. साध्या पडशाच्या विषाणूवर ते चालत नाही. या पट्टीवर उभी लाल रेघ दिसली तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, अशी ती खूण आहे. २०१६ साली केंद्र सरकारने या लाल रेघेची मोहीमच काढली होती.

मग याला शुद्ध मराठी शब्द वापरले तर? पाठ्यपुस्तकात आहेत की : प्रतिजैविक, ज्वरनाशक, वेदनाशामक. माझं मत विचाराल तर पाड्यावर 'प्रतिजैविक' हा शब्द 'अँटिबायोटिक'इतकाच परका, किंबहुना जास्तच. अँटिबायोटिक निदान डॉक्टरच्या तोंडून ऐकलेलं तरी असतं. त्यापेक्षा 'ताप उतरायची', 'दुखणं थांबायची' बरं. तरीही शुद्ध मराठीने एके ठिकाणी मोठाच घोटाळा करून ठेवलाय. जंतनाशक आणि जंतुनाशक! एका उकाराचा फरक. जंतनाशक म्हणजे पोटातल्या जंतांची गोळी, अल्बेंडाझोल, जी १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत मुलांना देतात. एक ते दोन वर्षांच्या बाळाला २०० मि.ग्रॅ., म्हणजे अर्धी गोळी कुटून, आणि त्यापुढच्यांना ४०० मि.ग्रॅ. चघळून. आणि जंतुनाशक म्हणजे जखम किंवा फरशी पुसायचं द्रव, जे पोटात गेलं तर थेट हॉस्पिटल. इंग्रजीत एक डीवर्मिंग टॅबलेट आणि दुसरं अँटीसेप्टिक किंवा डिसइन्फेक्टंट, तिथे गोंधळाला जागाच नाही. शिबिरात पोस्टर रंगवाल तेव्हा हा उकार दोनदा तपासा.

औषधाच्या मूळ नावातही शेपटं असतात. जागतिक आरोग्य संघटना १९५३ पासून औषधांची आंतरराष्ट्रीय नावं प्रसिद्ध करते, आणि एका कुळातल्या औषधांना एक समान तुकडा दिलेला असतो. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन यांतलं 'सिलिन' पेनिसिलिनच्या कुळाचं. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने हा तुकडा दिसला की लगेच डॉक्टरांना सांगायला हवं. मात्र नुसतं शेवटचं अक्षर बघून चालत नाही. ओमेप्राझोल पित्ताचं, अल्बेंडाझोल जंताचं, फ्लुकोनाझोल बुरशीचं आणि मेट्रोनिडाझोल आमांशाच्या जंतूंवरचं. चौघांच्या शेवटी 'झोल' आहे, आणि आपल्या हॉस्टेलच्या भाषेत झोल म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. 'प्राझोल', 'बेंडाझोल', 'कोनाझोल', 'निडाझोल' असा पूर्ण तुकडा वाचायचा.

ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि हे मूळ नाव बारीक. क्रोसिन, कॅलपोल, डोलो ही तिन्ही नावं वेगळी, आत पॅरासिटामॉलच. दोन डॉक्टरांकडून दोन ब्रँड आले तर घरातले दोन्ही देतात, आणि डोस नकळत दुप्पट होतो. परदेशातून कुणी गोळ्या पाठवल्या आणि त्यावर असिटामिनोफेन लिहिलं असेल, तर तेही तेच. पॅरा-असिटाइल-अमिनो-फिनॉल या एकाच रासायनिक नावातली वेगवेगळी अक्षरं उचलून दोन देशांनी दोन नावं बनवली. केमिस्ट्रीवाल्यांनी जोडून बघावं.

चिठ्ठीवरच्या खुणांचं इंग्रजी तर मुळात इंग्रजीच नाही, लॅटिन आहे. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना. एसी म्हणजे जेवणाआधी आणि पीसी जेवणानंतर. इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी यात डोकं घालू नये! एसओएस म्हणजे बुडतं जहाज नाही, 'गरज पडली तरच'. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चष्म्याच्या कागदावर ओडी म्हणजे उजवा डोळा. या सगळ्यांपेक्षा १-०-१ मला फार आवडतं. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. बायनरीत त्याचे पाच होतात, पण अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते एकदा समजावलं की विसरत नाही.

शब्द टाळून काम भागवायची अशी अक्कल सरकारी औषधांत काही ठिकाणी चांगली वापरली आहे. रक्तवाढीच्या म्हणजे लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बघा. ५ ते ९ वर्षांच्या मुलांची गुलाबी, १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींची निळी, गरोदर बाईची लाल. गुलाबीत ४५ मि.ग्रॅ. लोह, निळी आणि लालमध्ये ६०. आशाताईला 'आयर्न अँड फॉलिक अ‍ॅसिड' म्हणावं लागत नाही, "लाल गोळी घेतली का गं?" एवढं पुरतं. या गोळीने शौचाला काळं होतं, ते लोहामुळे. हे आधी सांगितलं नाही तर "गोळी उष्ण पडली" म्हणून बंद होते. फाल्सिपेरम हिवतापाच्या पाकिटांचेही वयाप्रमाणे रंग ठरवले आहेत : एक वर्षाच्या आत गुलाबी, १ ते ४ पिवळं, ५ ते ८ हिरवं, ९ ते १४ लाल, पुढे पांढरं. फक्त एक लक्षात ठेवा, रंगाचा अर्थ त्या त्या कार्यक्रमापुरता. एकीकडची लाल गरोदर बाईची, तर दुसरीकडचं लाल पाकीट शाळकरी मुलाचं.

सगळ्यात सुंदर खूण लसीच्या कुपीवर असते. एक गोल, त्यात एक चौकोन. कुपीला जसजशी उष्णता लागते तसतसा आतला चौकोन गडद होतो. बाहेरच्या गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चालते, गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला की टाकून द्यायची. एकही शब्द नाही, बॅटरी नाही, सेन्सर नाही. नुसत्या रसायनाने वेळ आणि तापमान दोन्हींचा हिशोब ठेवलाय. सेमिनारला विषय सुचत नसेल तर घ्या.

राहिली पट्टीची कडा. तिथे बॅच नंबर आणि एक्स्पायरी असते. बॅच नंबर म्हणजे एका घाण्यात बनलेल्या मालाचा क्रमांक, आणि तो कधीकधी जिवाचा प्रश्न होतो. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन होतं, आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे लहान मुलं दगावली तेव्हा कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधात तेच रसायन सापडलं, आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याची एसआर-१३ ही बॅच वापरू नका असं जाहीर केलं. अशी सूचना येते तेव्हा घरातल्या बाटलीचं लेबल शाबूत असेल तरच तिचा उपयोग.

एक्स्पायरी महिना आणि साल अशी लिहितात, म्हणजे त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. ती पट्टीच्या एकाच टोकाला दाबून उमटवलेली असते. मेडिकलवाला चार गोळ्या कापून देतो तेव्हा पुष्कळदा ते टोक त्याच्याकडेच राहतं. घेताना ते वाचून घ्यायचं आणि कागदी पाकिटावर औषधाच्या नावासकट लिहून मागायचं. घरी अख्खी पट्टी असेल तर गोळ्या दुसऱ्या टोकाकडून संपवत यायचं.